नकाशा लागला की येतो

चावीकाकांनी ती अट घातली तेव्हा ती त्यांनाही नवीनच होती. बोलता बोलता तोंडातून निघून गेली, आणि निघाल्यावर त्यांना वाटलं, वा, चांगली आहे की.

झालं होतं असं. मुलगा आणि सून समोर बसले होते आणि तोच जुना विषय चालू होता: आता इथे एकट्याने राहायचं नाही, आमच्याकडे यायचं. बायको जाऊन वर्ष होऊन गेलेलं. त्यात मागच्या महिन्यात काका न्हाणीघरात घसरून पडले आणि शेजाऱ्यांनी दाराची कडी तोडून त्यांना बाहेर काढलं. हाडबीड मोडलं नाही, पण ज्याला टॉवेलात गुंडाळून शेजाऱ्यांनी उचलून खाटेवर ठेवलंय, त्या माणसाला ‘माझं मी बघून घेईन’ म्हणायला तोंड उरत नाही. तरी काका वाटा शोधत होते. तुमचं घर लहान पडेल, म्हणाले. तर एक खोली रिकामीच होती. मला जिने चढवत नाहीत, म्हणाले. तर परवाच ते शेजाऱ्यांच्या टाकीचा बॉलकॉक बदलायला शिडीवर चढले होते, असं सुनेला कुणीतरी सांगितलं होतं. मग काकांची नजर आधी छताला लागली, तिथून कपाटावर उतरली, आणि कपाटावर नकाशा गुंडाळून ठेवलेला पाइप होता.

“माझा नकाशा,” ते म्हणाले. “तो तुमच्याकडे भिंतीला लागला की येतो.”

“कुठला नकाशा?” मुलाने विचारलं.

“पाण्याच्या लाइनीचा. अख्खा लागला पाहिजे. घडी नाही, कापाकापी नाही. नीट फ्रेम करून, एका भिंतीवर.”

मुलाने नुसती मान डोलावली. तो बस चालवतो. दिवसभर पाठीमागे लोकांची बडबड ऐकून त्याची स्वतःची बोलायची हौस फिटलेली असते. सून मात्र पोस्टाच्या खिडकीवर बसते. समोरच्याचं ऐकायचं आणि रांग खोळंबायच्या आत निकाल लावायचा, ही तिची रोजची सवय.

“लांबी किती?” तिने विचारलं.

“आहे लांब,” काका म्हणाले, आणि मनातल्या मनात खूश झाले.

लांब होताच. दोन माणसं डोक्याला पाय लावून आडवी निजली तर जेवढी होतील तेवढा लांब, आणि रुंदीला जेमतेम दीड वीत. पाणीखात्यात लाइनींचे नकाशे असेच काढायचे. एका टोकाला डोंगरावरचा मोठा हौद, दुसऱ्या टोकाला पार शेवटच्या वस्तीतला नळ, आणि मधली लाइन एका रेघेत सरळ. खरी लाइन कुठे सरळ असते? ती शाळेला वळसा घालते, ओढ्याखालून जाते, बाजारात तर दोनदा काटकोनात वळते. पण ती सगळी वळणं काढायला बसलं तर कागद सतरंजीएवढा होईल. म्हणून काढणारा लाइन ताणून सरळ करतो आणि वळणाच्या जागी नुसती बारीक खूण ठेवतो, इथे डावीकडे, इथे उजवीकडे. उत्तर दिशा त्या नकाशात दर हातावर बदलते. नवख्या माणसाला वाचताना गरगरायला लागतं. चावीकाकांना तो पाठ होता.

पाठ असायलाच हवा होता, कारण जन्म त्यावरच गेला. तरुणपणी खात्यात लागले ते खड्डे खणायला. मग एक दिवस हातात चावी आली. माणसाच्या छातीएवढी उंच, वर आडवा दांडा असलेली लोखंडी चावी. रस्त्यातलं झाकण उघडायचं, चावी खाली सोडायची, अंग टाकून फिरवायची, की त्या भागातल्या बादल्या वाजायला लागतात. काका चावी खांद्यावर टाकून सायकलवरून निघाले की बायका खिडकीतून विचारायच्या, “चावीकाका, आमचं किती वाजता?” त्यांचं खरं नाव पगारपत्रकाबाहेर कुठे उरलं नाही. बायकोसुद्धा चिडली की चावीकाका म्हणायची. निवृत्त झाल्यावरही लोक त्यांनाच विचारत राहिले, आणि नवा माणूस नळ सोडायला उशिरा आला की गल्लीतल्या लोकांइतकेच काकाही हळहळायचे. हळहळ म्हणायचं, पण त्यात थोडी मजाही असायची.

खात्याचं काम संगणकावर गेलं तेव्हा जुने नकाशे रद्दीत निघाले. काकांनी साहेबांना विचारून हा एक उचलला. ठेवायला म्हणून प्लॅस्टिकच्या पाइपचा एक तुकडा घेतला, त्यात गुंडाळी सरकवली, दोन्ही तोंडांना टोपणं बसवली, आणि पाइप कपाटावर टाकला. तेव्हापासून तो तिथेच होता. खरं सांगायचं तर काकांच्या स्वतःच्या घरातही तो लावण्याजोगी भिंत नव्हती. ही गोष्ट त्या दिवशी कुणाच्या लक्षात आली नाही, निदान बोललं कुणी नाही.

त्याच आठवड्यात सुनेचा फोन आला.

“बाबा, भिंत सापडली.”

त्यांच्या घरात दारातून आत शिरलं की सरळ लांब पॅसेज आहे. त्याच्या एका भिंतीला चपलांचं कपाट होतं, आरसा होता, मुलाचे बसवरचे गणवेश लटकवायच्या खुंट्या होत्या. सुनेने ते सगळं उचललं. आरसा न्हाणीघरात गेला, कपाट दाराबाहेर गेलं, खुंट्या उपटून भोकं बुजवली आणि वरून चुन्याचा हात मारला. आता तिथे टोकापासून टोकापर्यंत पांढरी भिंत होती आणि तिच्यावर काही म्हणजे काही नव्हतं.

“फ्रेम मात्र तुम्ही निवडा,” ती म्हणाली. “तुमच्या पसंतीची. घाई नाही.”

“बरं,” म्हणून काकांनी फोन ठेवला आणि कपाटावरच्या पाइपाकडे पाहिलं. अट घालणारा माणूस एक गोष्ट विसरतो, की समोरचा ती पुरी करू शकतो.

फ्रेमचं दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. ते चालवणाऱ्या बाई पन्नाशीच्या, अंबाड्यात पेन्सिल खोचलेल्या, आणि तोंडाने फटकळ. दुकान खरं नवऱ्याने काढलेलं. त्याला लाकडाच्या भुशाने शिंका यायला लागल्या म्हणून त्याने दुसरीकडे नोकरी धरली आणि शिंका न येणाऱ्या बाई गादीवर बसल्या. एका भिंतीवर खिळ्यांना फ्रेमच्या पट्ट्यांचे नमुने टांगलेले होते, प्रत्येकाचा नुसता एकेक कोपरा. नमुना चित्राच्या कोपऱ्यावर ठेवायचा आणि डोळे बारीक करून उरलेली फ्रेम मनाने पुरी करायची, अशी तिथली रीत.

काकांनी टोपण काढून गुंडाळी टेबलावर सोडली. ती उलगडली, टेबल संपलं तरी उलगडत राहिली, खाली उतरली आणि मग सगळीच्या सगळी पुन्हा गुंडाळून बसली. इतकी वर्षं पाइपात राहिलेल्या कागदाला दुसरं काही ठाऊकच नव्हतं.

“हे चित्र आहे की अजगर?” बाई म्हणाल्या. त्यांनी तो जमिनीवर पसरला, चार कोपऱ्यांना डिंकाच्या बरण्या ठेवल्या आणि गुडघ्यांवर सरकत या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन आल्या. “तीन तुकडे करून तीन फ्रेमा करूया. ओळीने लावा.”

“नाही.”

“फोटो काढून लहान करून घेऊ. बाजारात होतं ते काम.”

“नाही. अख्खा.”

“एवढी लांब काच मिळत नाही. वर पारदर्शक प्लॅस्टिकची शीट लावावी लागेल. आणि मागे लाकडाचा कणा द्यायला लागेल, नाहीतर मध्ये झोका पडेल. एकदा कणा बसला की फ्रेम लवणार नाही, वाकणार नाही. चालेल?”

“चालेल,” काका म्हणाले.

“मग पट्टी सांगा कुठली.”

इथून पुढे जे सुरू झालं त्याला बाई नंतर ‘अजगराचं लग्न’ म्हणायच्या, कारण स्थळ काही पसंत पडत नव्हतं. सोनेरी पट्टी काकांना भपकेबाज वाटली. काळी लावली तर नकाशा वारल्यासारखा दिसतो, म्हणाले. रुंद तपकिरी पट्टी पाहून म्हणाले, नाकापेक्षा मोती जड. अल्युमिनियमची अगदी बारीक पट्टी काढली तर ती खिडकीची वाटते. पांढरी मळेल. लाल? लाल कशाला. बाई रोज एक नवा कोपरा काढून ठेवायच्या. काका रोज सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून यायचे, चष्मा पुसायचे, कोपरा नकाशावर ठेवायचे, मान कलती करायचे आणि काहीतरी खोट काढायचे. नाचता येईना अंगण वाकडं, हे बाईंच्या ओठांवर यायचं. गिऱ्हाईक म्हणून त्या गिळायच्या.

मधल्या वेळात काकांसाठी एक स्टूल ठरून गेलं. चहाचा दुसरा कप ठरून गेला. दुसरी गिऱ्हाइकं आली की काका त्यांनाही सल्ला द्यायला लागले. एका नवरा-बायकोला त्यांनी आजोबांच्या फोटोसाठी पट्टी निवडून दिली, आणि ती इतक्या झटकन आणि इतकी नेमकी निवडली, की ते जोडपं खूश होऊन गेलं. ते गेल्यावर बाईंनी हातातली करवत खाली ठेवली.

“काका, एक विचारू? दुसऱ्याचं लगेच जमतं तुम्हाला. मग स्वतःचंच घोडं कुठे पेंड खातंय?”

“माझं जरा अवघड आहे.”

“अवघड काही नाही. ताकाला येऊन भांडं लपवू नका. तुम्हाला फ्रेम नकोच आहे.”

काका चहाच्या कपाची कड बोटाने पुसत राहिले. मग त्यांनी सगळं सांगितलं. अट कशी घातली, भिंत कशी रिकामी झाली, फ्रेम तयार झाली की घराला कुलूप कसं लागणार.

“इथे मी चावीकाका आहे,” ते म्हणाले. “चार माणसं थांबवून विचारतात, पाणी का नाही आलं. मला काय आता करायचं असतं त्याचं? पण विचारतात. झोपेत लाइनीत पाणी भरल्याचा आवाज येतो मला, जमिनीखालून. तिकडे दुसऱ्या मजल्यावर मी कोण? बसवाल्याचा बाप. सकाळी दोघं कामाला जाणार आणि मी त्यांच्या घराची राखण करत बसणार.”

“मग तसं सांगा ना त्यांना.”

“सांगून बघा तुम्ही. मुलगा एकदाही आवाज चढवत नाही. सून म्हणते घाई नाही. अशा माणसांना नाही कसं म्हणायचं? भांडली असती तर बरं झालं असतं, मीही दोन शब्द सुनावून मोकळा झालो असतो.”

बाईंना वाईट वाटलं, पण वाईट वाटलं की त्यांचा आवाज जास्तच फटकळ व्हायचा. “माझं दुकान आहे, बसस्टॉप नाही,” त्या म्हणाल्या. “किती दिवस थांबायचं ते ठरवा.” आणि चहा कमी झालेला दिसला म्हणून त्यांच्या कपात थोडा आणखी ओतला.

ठरवायची वेळ काकांवर आलीच नाही. एका शनिवारी दुपारी सून दुकानात हजर झाली. कामावरून तशीच आलेली, बोटांना शिक्क्याची शाई. काकांनी तिला बाईंची ओळख करून दिली आणि बाईंना तिची, आणि आतून ते सावध झाले. सुनेने भिंतीवरच्या नमुन्यांवरून एकदा नजर फिरवली.

“बाबा, तुम्हाला काय आवडतं ते नका सांगू,” ती म्हणाली. “यातली सगळ्यात कमी नावडती कुठली?”

काकांनी फार विचार केला नाही, आणि तीच चूक झाली. हात आपोआप एका कोपऱ्याकडे गेला. साधं फिकट लाकूड, नक्षी नाही, रंग नाही, नुसतं पॉलिश.

“हीच करा,” सून बाईंना म्हणाली. झालं. इतक्या आठवड्यांचा काथ्याकूट तिने चहा गार व्हायच्या आत संपवला. काकांनी त्या पट्टीत खोट शोधायचा प्रयत्न केला, पण खरंच नव्हती. नकाशाच्या जुनाट कागदाला ती सख्ख्या बहिणीसारखी शोभत होती.

बाईंनी अंबाड्यातली पेन्सिल काढली. मोठ्या फ्रेमच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्या एक प्रश्न विचारतात, कारण एकदा एका बाईंची हौसेने केलेली फ्रेम घरात शिरेना म्हणून त्या फ्रेमला व्हरांड्यातच दिवस काढावे लागले होते.

“जिना कसा आहे?”

सुनेच्या इमारतीचा जिना काकांना चांगला माहीत होता. अरुंद, आणि प्रत्येक मजल्याला दोनदा वळणारा. वळणावर जेमतेम एक माणूस उभा राहील एवढी जागा. न लवणारी, दोन माणसं लांबीची फ्रेम त्या वळणावरून वळणं शक्य नव्हतं. पाइपाला वळणाचे एल्बो बसवण्यात ज्याची उमर गेली त्याला हे कुणी सांगायला नको होतं.

“जिना सरळ आहे,” काका म्हणाले.

हा माणूस खोटं बोलत नसे. म्हणजे साधुसंत होता असं नाही, पण त्या धंद्यात खोटं परवडत नाही. पाणी येणार नसेल तर ‘येईल, येईल’ म्हणायचं नाही, कारण बायका भांडी मांडून बसतात. ‘आज येणार नाही’ असं तोंडावर सांगायचं आणि शिव्या खायच्या, हा त्यांचा शिरस्ता. म्हणून ते तीन शब्द बोलल्याबरोबर त्यांचे कान तापले. त्यांनी सुनेकडे चोरून पाहिलं. ती पट्टीवरून बोट फिरवत पॉलिश बघत होती. तिने मान वर केली नाही.

“नक्की ना?” बाईंनी विचारलं.

“मोजमापात जन्म गेलाय माझा.”

“मग प्रश्नच मिटला,” म्हणून बाईंनी लिहून घेतलं.

घरी जाताना काकांना हायसं वाटलं. आता काळजी नव्हती. फ्रेम होईल, निघेल, जिन्यात अडकेल. कुणाचा दोष नाही, कुणाचं मन मोडलं नाही, अट मात्र पुरी झाली नाही. जिन्यानेच नाही म्हटलं, त्याला कोण काय करणार? रात्री जेवताना त्यांनी म्हणायचं वाक्यसुद्धा तयार करून ठेवलं.

फ्रेम न्यायचा दिवस आला. बाईंनी ती चादरीत गुंडाळून छोट्या टेंपोवर आडवी बांधली आणि भिंतीत खिळे मीच ठोकणार म्हणून स्वतः बरोबर आल्या. इमारतीखाली मुलगा सुट्टी काढून उभा होता, खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याला घेऊन. काकांनी बाईंना जिना दिसू नये म्हणून आधी उगाच खालूनच बोट करून इमारतीची गच्ची दाखवली. पण जिना किती वेळ लपणार? मुलाने आणि शेजाऱ्याने फ्रेम उचलली, बाई मागोमाग आत शिरल्या, पहिलं वळण त्यांच्या नजरेस पडलं, आणि त्यांनी काकांकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. काका भिंतीचा रंग बघायला लागले.

फ्रेम पहिल्याच वळणावर अडकली. वरचं टोक भिंतीला, खालचं कठड्याला. मुलगा कुठल्याही गल्लीतून बस काढणारा, त्याने हार मानली नाही. “थोडं मागे... आता डावीकडे कापा... पुढे घ्या, घ्या, घ्या... थांबा.” भिंतीचा पोपडा पडला. पुन्हा मागे, पुन्हा पुढे, आडवी, तिरपी, डोक्यावर धरून. शेजारी म्हणाला, मधून कापून वर नेऊन जोडता येईल. बाई म्हणाल्या, करवत लावणाऱ्याचा आधी हात कापीन. बाल्कनीतून दोर लावून घ्यावी, तर बाल्कनीला गज. मुलगा फ्रेमचं टोक सोडायला तयार नव्हता. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता आणि बोटांची पेरं कठड्याला घासून सोलवटली होती. ती पेरं काकांनी पाहिली आणि नजर वळवली. हे त्यांच्या हिशेबात नव्हतं. हिशेबात फक्त फ्रेम अडकणार होती.

शेवटी त्यांनी तयार वाक्य काढलं. “असू दे रे. नसेल तिच्या नशिबात. परत नेऊ घरी. मीही तिकडेच बरा आहे.”

“थांबा बाबा,” मुलगा म्हणाला. “अजून एकदा बघतो.”

वरून सून उतरत आली. हातात खिळ्यांचा पुडा होता, तो तिने पायरीवर ठेवला आणि स्वतःही वरच्या पायरीवर बसली. मध्ये फ्रेम अडकलेली, अलीकडे काका, पलीकडे ती.

“बाबा, त्या दिवशी दुकानात तुम्ही म्हणालात ते मी ऐकलं होतं,” ती म्हणाली. “जिना सरळ आहे म्हणालात.”

काका पुन्हा भिंतीचा रंग बघायला लागले.

“मी रोज चढते-उतरते हा जिना.”

“मग तेव्हाच बोलली का नाहीस?”

“बोलणारच होते. मग म्हटलं, बाबा कधी खोटं बोलत नाहीत. आज जिन्याबद्दल बोलतायत, म्हणजे यांना किती नको असेल यायला. आणि आम्ही आपलं चला, चला करतोय. कुणी विचारलंच नाही तुम्हाला, यायचंय का म्हणून. म्हटलं, फ्रेम जिन्यात अडकेल तेव्हा अडकेल. तोवर तरी सुखाने दुकानात जाऊ देत.”

मुलाने फ्रेमचं टोक हळूच पायरीवर टेकवलं. शेजाऱ्याला खाली काहीतरी काम आठवलं आणि तो गेला.

“तर आता विचारते,” सून म्हणाली. “यायचंय का? नसेल तर तसं सांगा. हा तुम्हाला सोडून येईल, नकाशासकट. मी रुसणार नाही. फक्त फोन उचलत जा, कारण तुम्ही फोन उचलला नाही की माझं खिडकीवर लक्ष लागत नाही, लोकांना चुकीची तिकिटं देते मी. आणि ती भिंत मी भरणार नाही. पुढच्या वर्षी या, त्याच्या पुढच्या वर्षी या. नकाशा आणा, नका आणू. मला काय नकाशाचं लोणचं घालायचंय?”

काकांना हसू आलं आणि त्याच दमात डोळे भरून आले. इतके महिने ते अंग चोरून, पाय रोवून उभे होते, कारण ओढणारे दोन हात आहेत असं त्यांना वाटत होतं. आता कुणी ओढतच नव्हतं. त्यांनी जुन्या घराचा विचार केला, तिथला रस्ता, झाकणं, खिडकीतून विचारणाऱ्या बायका. ते सगळं त्यांना हवंच होतं, आत्ताही. पण ‘पाणी कधी येणार’ असं विचारणाऱ्यांपैकी एकीनेही ‘तुम्ही फोन का उचलला नाही’ असं कधी विचारलं नव्हतं. त्यांनी शर्टाच्या बाहीने डोळे पुसले, कठड्यावरून वाकून खाली पाहिलं, मग वर पाहिलं. जिन्याच्या दोन कठड्यांमध्ये हातभर रुंद पोकळी होती, तळापासून निघून थेट गच्चीच्या पत्र्यापर्यंत गेलेली.

“फ्रेम परत तळाला न्या,” ते म्हणाले. आवाज एकदम कामावरचा झाला होता. “खाली नेऊन उभी करा. या मधल्या पोकळीतून सरळ वर चढवायची. सूनबाई, तू दुसऱ्या मजल्यावर कठड्यापाशी थांब. बाई, तुम्ही पहिल्यावर, नुसता हात लावून ठेवा, भिंतीला घासू देऊ नका. आणि तू रे, वरचं टोक धरून चढत जा. खालून मी देतो.”

मुलगा कठड्यावरून वाकून पोकळीकडे बघत राहिला. मग त्याने फ्रेमकडे पाहिलं, मग बापाकडे.

“बाबा, ही जाईल की सहज.”

“जाईलच. गच्चीवरच्या टाक्यांना याहून लांब पाइप मी असेच चढवलेत.”

“म्हणजे हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं? मग इतका वेळ बोलला का नाहीत?”

“इतका वेळ यायचं नव्हतं,” काका म्हणाले, आणि फ्रेमचं खालचं टोक धरायला वाकले.